कापड आणि सूत उद्योगातला वेस्ट: काट्यापासून विवरणपत्रापर्यंत कराचे काम कसे करावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), सूतगिरण्या आणि यंत्रमाग यांचे हिशोब लिहिताना दर वर्षी एकाच पानावर काम अडते, आणि ते पान वेस्टचे, म्हणजे प्रक्रियेत बाजूला पडणाऱ्या टाकाऊ मालाचे असते. रुईच्या गाठींचा हिशोब किलोपर्यंत जुळतो, सुताच्या पेट्या मोजून मिळतात, पण वेस्टबद्दल विचारले की दिवाणजी म्हणतात, "ते काय, भंगारवाला नेतो." मालकांचा प्रश्न अजूनही जुन्या शब्दांत येतो: वेस्टवर एक्साइज लागते का? कापड आणि सुतावरील केंद्रीय उत्पादन शुल्क १ जुलै २०१७ पासून जीएसटीत विलीन झाले आहे. उत्पादन शुल्कात मुख्य प्रश्न असा असे की ही वस्तू 'उत्पादित' झाली का. जीएसटीत मुख्य प्रश्न असा आहे की या वस्तूचा 'पुरवठा' झाला का. वेस्ट यंत्राखाली पडला म्हणून कर लागत नाही. तो कोणाला, कशाच्या बदल्यात आणि कोणत्या कागदावर दिला गेला, यावरून कर ठरतो. मात्र तो किती पडला याची नोंद नसेल, तर किती दिला हे सिद्ध करता येत नाही.

बहुतेक जण हे काम बिलापासून सुरू करतात आणि तिथेच चूक होते. काम वजनकाट्यापासून सुरू करावे लागते. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि क्रम मोडू नये, कारण प्रत्येक टप्प्याचा कागद आधीच्या टप्प्याच्या कागदावर उभा असतो.

पूर्वतयारी

सुरुवात करण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी असाव्यात: मुद्रांकन केलेला वजनकाटा, पाने क्रमांकित केलेली वेस्ट नोंदवही, प्रत्येक प्रकारच्या वेस्टसाठी वेगळी जागा किंवा वेगळी पोती, आणि फाटकावरचे गेटपास पुस्तक. नोंदवही संगणकावर ठेवली तरी चालते, परंतु पाळीच्या शेवटी यंत्राजवळ उभा असलेला माणूस संगणक उघडत नाही. म्हणून एक कागदी वही तिथेच असावी आणि तिच्यावरून दुसऱ्या दिवशी संगणकात नोंद व्हावी. ही कागदी वही फेकू नये. हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे.

टप्पा १: वेस्टला नाव द्यावे

'वेस्ट' ही एकच वस्तू नाही. जिनिंगमध्ये जिनचा कचरा, पत्तीमिश्रित आखूड रुई आणि जमिनीवरची झाडण निघते. सूतगिरणीत ब्लोरूम ड्रॉपिंग (रुई साफ करताना पडणारा कचरा), लिकर-इन ड्रॉपिंग, कार्डिंगचा फ्लॅट स्ट्रिप (तंतू विंचरताना निघणारा थर), कोंबर नॉइल (वेगळे काढलेले आखूड तंतू), रोविंग वेस्ट (सूत कातण्याआधीच्या जाड वातीचा), रिंगफ्रेमचा न्यूमाफिल (धागा तुटल्यावर शोषून घेतलेले तंतू), सुताचा हार्ड वेस्ट (पीळ बसलेल्या सुताचा), झाडण आणि फिल्टरची धूळ निघते. यंत्रमागावर सुताची तुटलेली टोके, बीमवर उरलेले सूत आणि कापडाच्या चिंध्या निघतात.

हे वेगळे ठेवण्याचे कारण डोळ्यांना दिसते. ब्लोरूमच्या ड्रॉपिंगचे पोते उघडले की सरकीच्या टरफलांचे काळे कण आणि पानांचा चुरा हाताला चिकटतो. फ्लॅट स्ट्रिपचे पोते उघडले की तंतू मऊ आणि बरेच स्वच्छ लागतात. बाजारात दोघांच्या भावात मोठे अंतर असते. दोन्ही एका पोत्यात भरून एकाच भावाने विकले, तर मालकाचे पैसे जातात. शिवाय बिलातील भाव बाजाराशी का जुळत नाही, याचे उत्तर तपासणीच्या वेळी देता येत नाही.

न्यूमाफिल आणि रोविंग वेस्ट यांपैकी जो भाग पुन्हा मिक्सिंगमध्ये (रुई मिसळण्याच्या पहिल्या पायरीत) जातो त्याला 'परतीचा वेस्ट' असे वेगळे नाव द्यावे. तो विक्रीचा माल नाही. तो विक्रीच्या वेस्टमध्ये मोजला, तर नोंदवहीत कायमची तूट दिसत राहते.

तपासा: यादीतील प्रत्येक नावासमोर तो कोणत्या यंत्राखाली निघतो, कोण उचलतो आणि कुठे साठवतो, हे लिहिले आहे का? तीनपैकी एक रकाना रिकामा असेल, तर तो वेस्ट कोठेतरी विनानोंद जात आहे असे समजावे.

टप्पा २: पाळीच्या शेवटी वजन करावे

वजन आठवड्याने किंवा गाडी आल्यावर नव्हे, तर प्रत्येक पाळीच्या शेवटी करावे. पोत्यावर खडूने किंवा चिठ्ठीने तारीख, पाळी, प्रकार आणि निव्वळ वजन लिहावे. रिकाम्या पोत्याचे वजन वजा करणे अनेक ठिकाणी राहून जाते. शंभर पोत्यांच्या गाडीत ही चूक सहज अर्धा क्विंटल होते.

कापसाच्या तंतूत ओलावा येतो आणि जातो, हे खान्देशात विशेष लक्षात ठेवावे लागते. सूतगिरणीच्या आर्द्रता राखलेल्या विभागात तोललेला वेस्ट एप्रिल-मे महिन्यांत उघड्या गोदामात महिनाभर पडला, तर वजनात कमी भरतो. पावसाळ्यात पत्र्याच्या गोदामातला माल उलट जास्तही भरू शकतो. हा फरक लपवून वजन 'जुळवून' लिहू नये. गोदामातून बाहेर काढताना पुन्हा वजन करावे आणि दोन वजनांतील फरक 'ओलाव्याचा फरक' या नावाने स्वतंत्र ओळीत दाखवावा. जिनिंगमध्ये हेच काम कापसाच्या घटीबाबत करावे लागते. मान्सूनपूर्व लागवडीचा, सप्टेंबरमध्ये आलेला ओला कापूस आणि डिसेंबरचा कोरडा कापूस यांची घट एकच कशी असेल? वर्षभर सरसकट एकच टक्का लिहिलेली वही पाहताच तपासणाऱ्याला शंका येते, आणि ती योग्यच असते.

टप्पा ३: महिन्याचा ताळा बसवावा

जीएसटीच्या नियम ५६ नुसार साठ्याच्या हिशोबात कच्चा माल आणि तयार माल यांच्याबरोबर भंगार आणि वाया गेलेला मालही दाखवावा लागतो. उत्पादकाने महिन्याच्या उत्पादन हिशोबात वेस्ट आणि उपउत्पादने यांचे परिमाण द्यायचे असते. ही शिफारस नसून कायद्याची अट आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा एका महिन्यात मिक्सिंगला ५०,००० किलो रुई दिली आणि चालू मालाच्या साठ्यात फरक पडला नाही. सूत ४२,१०० किलो झाले, परतीचा वेस्ट ९०० किलो आणि विक्रीयोग्य वेस्ट ५,९०० किलो निघाला. बेरीज ४८,९०० किलो होते. उरलेले १,१०० किलो म्हणजे उडालेली धूळ आणि ओलावा, म्हणजेच अदृश्य घट. ही घट २.२ टक्के येते. पुढच्या महिन्यात ती अचानक ४ टक्के झाली, तर काहीतरी घडले आहे: काटा बिघडला, पोते नोंदीशिवाय गेले किंवा मिक्सिंगची रुई दोनदा लिहिली गेली. कारण त्याच महिन्यात शोधावे. मार्चमध्ये बारा महिन्यांची कारणे शोधणे कोणालाही जमत नाही.

इथे एक भीती दूर करणे आवश्यक आहे. उत्पादनात स्वाभाविकपणे होणाऱ्या घटीसाठी रुईवर घेतलेली कर-वजावट (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सोय) परत करावी लागते का, असे पुष्कळ जण विचारतात. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये हरवलेला, चोरीस गेलेला, नष्ट झालेला, निर्लेखित केलेला किंवा भेट म्हणून दिलेला माल आहे. अशा मालावरची वजावट मिळत नाही. प्रक्रियेत स्वाभाविकपणे होणारी घट या यादीत बसत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पोलाद उत्पादकाच्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. परंतु आगीत जळालेल्या किंवा पुरात भिजून टाकून द्याव्या लागलेल्या गाठी ही प्रक्रियेतील घट नाही. त्यांच्यावरील वजावट परत करावीच लागते.

सावधान: आगीतील नुकसान 'अदृश्य घट' या ओळीत बसवू नये. विम्याच्या दाव्यात एक आकडा आणि उत्पादन हिशोबात दुसरा आकडा, ही विसंगती सर्वात आधी पकडली जाते.

टप्पा ४: एचएसएन आणि दर ठरवावा

एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, आणि त्याचे पहिले चार अंक म्हणजे शीर्ष. कापसाचा वेस्ट शीर्ष ५२०२ मध्ये येतो. त्यात सुताचा वेस्ट ५२०२ १०, पिंजून पुन्हा तंतुरूप केलेला माल ५२०२ ९१ आणि इतर वेस्ट ५२०२ ९९ अशी विभागणी आहे. ड्रॉपिंग, फ्लॅट स्ट्रिप आणि कोंबर नॉइल हे शेवटच्या गटात बसतात. दर ५ टक्के आहे. पॉलिस्टरसारख्या मानवनिर्मित तंतूंचा वेस्ट ५५०५ मध्ये येतो. त्याचा दर पूर्वी १८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. कापडाच्या चिंध्या ६३१० मध्ये येतात आणि त्यांनाही ५ टक्के दर आहे.

दर सारखेच असतील तर शीर्ष चुकल्याने काय बिघडते, असे म्हणणे बरोबर नाही. विवरणपत्रातील एचएसएनवार गोषवारा उत्पादन हिशोबाशी ताडून पाहिला जातो. फक्त सूत काढणाऱ्या गिरणीने ६३१० मध्ये विक्री दाखवली, तर चिंध्या आल्या कोठून, हा प्रश्न येणारच. मिश्र तंतूंच्या वेस्टमध्ये वजनाने जो तंतू जास्त असेल त्यावरून शीर्ष ठरते, म्हणून मिक्सिंगचे प्रमाण लिहिलेला कागद बिलाच्या फाइलला जोडून ठेवावा.

तेलगिरणीत सरकीवरून काढलेले लिंटर (सरकीला चिकटलेले आखूड तंतू) ५२०२ मध्ये टाकण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते. लिंटर वनस्पतिजन्य पदार्थांच्या १४०४ २० मध्ये येते. तसेच सरकी पेंड करमुक्त आहे. ज्यांची जिनिंगबरोबर तेलगिरणीही आहे त्यांना त्यामुळे सामाईक खर्चावरील कर-वजावटीचा प्रमाणशीर भाग परत करावा लागतो. लिंटर आणि पेंड 'वेस्ट' या एकाच खात्यात लिहिली, तर ही विभागणी करता येत नाही.

गाठींच्या लोखंडी पट्ट्या, प्लास्टिकची वेष्टने आणि यंत्रांचे जुने भाग हा कापडाचा वेस्ट नव्हे. प्लास्टिक आणि लोखंडाच्या भंगारावर १८ टक्के दर लागतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत खरेदीदार नोंदणीकृत विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतो, तेव्हा कराराचे मूल्य अडीच लाख रुपयांपेक्षा जास्त असल्यास त्याला जीएसटीचा २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. हे भंगार वेगळ्या बिलाने विकावे.

टप्पा ५: पुरवठा झाला का, ते पाहावे

सर्वात जास्त चुका इथे होतात, कारण पैसे हातात आले नाहीत म्हणजे विक्री झाली नाही, अशी समजूत आहे.

मी हिशोब पाहत असलेल्या एका गिरणीत वर्षअखेरीला फिल्टरच्या धुळीचा ताळा काही केल्या बसेना. नोंदवहीत माल निघालेला दिसत होता, पण बिल नव्हते आणि गोदामात साठाही नव्हता. तीन दिवस गेटपास चाळल्यावर उलगडा झाला. फिल्टरगृह साफ करणारा ठेकेदार मजुरी घेत नव्हता आणि त्या बदल्यात धूळ घेऊन जात होता. दोन्ही पक्षांना यात काही गैर वाटत नव्हते. परंतु जीएसटी कायद्यात वस्तुविनिमयही पुरवठाच आहे. सफाईच्या मजुरीएवढ्या मूल्याचे वेस्टचे बिल व्हायला हवे होते आणि सफाईचा खर्चही वह्यांत यायला हवा होता. आम्ही तो कर व्याजासह भरला. ही चूक माझ्याही नजरेतून दोन वर्षे सुटली होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या कारखान्यात मी पहिला प्रश्न विचारतो की सफाई कोण करतो आणि त्याला काय मिळते.

वेस्ट स्वतःच्याच बॉयलरमध्ये जाळला किंवा पुन्हा मिक्सिंगमध्ये वापरला, तर पुरवठा होत नाही. मात्र वापराची नोंद वजनासह हवी. त्याच नोंदणी क्रमांकाखालील महाराष्ट्रातील दुसऱ्या जागी नेला, तर डिलिव्हरी चलन पुरते. परंतु एकाच पॅनखाली नंदुरबारला गिरणी आणि सुरतेला दुसरे युनिट असेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. तिथे पाठवलेल्या वेस्टवर पैसे घेतले नाहीत तरी करपात्र बिल करावे लागते. सुरतेच्या युनिटला पूर्ण वजावट मिळत असेल, तर बिलात लिहिलेले मूल्यच ग्राह्य धरले जाते.

टप्पा ६: जॉबवर्कमधला वेस्ट

व्यापाऱ्याने सूत दिले आणि यंत्रमागधारकाने कापड विणून दिले, तर मधल्या चिंध्या आणि सुताच्या टोकांवर कर कोणी भरायचा? कलम १४३(५) मध्ये उत्तर स्पष्ट आहे. जॉबवर्क करणारा नोंदणीकृत असेल, तर तो आपल्या जागेवरून वेस्ट थेट विकू शकतो आणि कर तोच भरतो. तो नोंदणीकृत नसेल, तर मूळ मालकाने कर भरावा. धुळ्यातील अनेक लहान यंत्रमागधारक नोंदणीकृत नाहीत. त्यांच्याकडे काम देणाऱ्या व्यापाऱ्याने हे गृहीत धरूनच करार लिहावा.

'चिंधी तुझी, मजुरी थोडी कमी' असा तोंडी व्यवहार असेल, तर तोही विनिमयच आहे. जॉबवर्कचे मूल्य रोख मजुरी अधिक चिंधीची किंमत असे धरावे लागते. काम देणाऱ्याने आयटीसी-०४ या विवरणपत्रात पाठवलेला माल, परत आलेला माल आणि घट व वेस्ट हे तिन्ही दाखवायचे असतात. आदल्या वर्षीची उलाढाल पाच कोटींपेक्षा जास्त असल्यास ते सहा महिन्यांनी, अन्यथा वर्षातून एकदा भरावे लागते. पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे मानले जाते. म्हणून वेस्टचे वजन जॉबवर्कच्या परतीच्या चलनावर लिहून घ्यावे. ते लिहिले नाही, तर तेवढे सूत न परतलेले म्हणून अंगावर येते.

टप्पा ७: बिल आणि गाडी

माल फाटकाबाहेर जाण्यापूर्वी किंवा जाताना बिल तयार असले पाहिजे. खरेदीदाराच्या भुईकाट्यावर वजन झाल्यावर बिल करू, ही पद्धत चुकीची आहे. आपल्या काट्याच्या वजनावर बिल करावे आणि तिकडे कमी भरले तर क्रेडिट नोट द्यावी. उलाढाल पाच कोटींपर्यंत असल्यास बिलावर एचएसएनचे चार अंक आणि त्याहून जास्त असल्यास सहा अंक लिहावेत. पाच कोटींवरील उलाढालीच्या विक्रेत्याला नोंदणीकृत खरेदीदारासाठी ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) काढावे लागते.

समजा १,२०० किलो फ्लॅट स्ट्रिप ५० रुपये किलोने विकला. मूल्य ६०,००० रुपये झाले. खरेदीदार अमळनेरचा असेल तर केंद्राचा १,५०० आणि राज्याचा १,५०० रुपये कर लागेल. तो मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचा असेल तर ३,००० रुपये एकात्मिक कर लागेल. दोन्ही वेळा एकूण रक्कम ६३,००० रुपयेच होते, पण ई-वे बिलाचा (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाचा) नियम बदलतो. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला ई-वे बिलाची मर्यादा एक लाख रुपये आहे, त्यामुळे अमळनेरला ते लागत नाही. आंतरराज्य मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि हे मूल्य करासह मोजतात, त्यामुळे बऱ्हाणपूरला ते लागते. आपल्याकडून नवापूरमार्गे सुरत आणि रावेरमार्गे बऱ्हाणपूर जवळ असल्याने, रोजच्या गाड्या राज्याची सीमा ओलांडतात याचा विसर पडतो. जॉबवर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात पाठवताना तर मूल्य कितीही कमी असले तरी ई-वे बिल लागते.

सावधान: कागदाविना गाडी अडवली गेली आणि मालक पुढे आला, तर माल सोडवण्यासाठी कराच्या २०० टक्के दंड भरावा लागतो. वरच्या उदाहरणात तो ६,००० रुपये होतो. त्यात गाडीचा खोळंबा आणि भाडे धरलेले नाही.

खरेदीदार नोंदणीकृत नसेल आणि करपात्र मूल्य ५०,००० रुपये किंवा जास्त असेल, तर बिलावर त्याचे नाव, पत्ता आणि राज्य लिहावे. रोखीने एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा अधिक स्वीकारू नयेत. भंगारावरील प्राप्तिकराचा टीसीएस (विक्रेत्याने खरेदीदाराकडून गोळा करायचा कर) हा वेगळा विषय आहे. बिल काढण्यापूर्वी आपल्या वेस्टला तो लागू होतो का, हे करसल्लागाराला लेखी विचारून ठेवावे.

टप्पा ८: विवरणपत्राआधीची जुळवणी

जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचे असते, म्हणून ५ तारखेपर्यंत चार कागद शेजारी ठेवावेत: वेस्ट नोंदवही, गेटपास पुस्तक, बिलांची यादी आणि गोदामातील शिल्लक. आरंभीची शिल्लक अधिक महिन्याची आवक, वजा बिलांवरील वजन, वजा स्वतःचा वापर आणि ओलाव्याचा फरक, म्हणजे अखेरची शिल्लक. हा हिशोब प्रत्येक प्रकारच्या वेस्टसाठी स्वतंत्र करावा, कारण एका प्रकारातील जादा आणि दुसऱ्यातील तूट एकत्र केली की दोन्ही चुका दिसेनाशा होतात. त्यानंतर गोदामात जाऊन पोती प्रत्यक्ष मोजावीत.

मे २०२५ च्या कालावधीपासून जीएसटीआर-१ मधील एचएसएन गोषवारा नोंदणीकृत आणि अनोंदणीकृत खरेदीदारांसाठी वेगवेगळा द्यावा लागतो. भंगार व्यापाऱ्यांपैकी कोणाकडे नोंदणी आहे आणि कोणाची रद्द झाली आहे, हे दर तिमाहीला संकेतस्थळावर तपासावे. नोंदणी रद्द झालेल्या क्रमांकावर बिल काढले, तर ते नंतर दुरुस्त करण्यात जास्त वेळ जातो.

जिनिंगवाल्यांनी याच बैठकीत आणखी एक गोष्ट पाहावी. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो. तो जमा वजावटीतून नव्हे, तर पैसे भरूनच द्यावा लागतो आणि नंतर त्याची वजावट मिळते. त्या खरेदीचे स्वतःचे बिल माल मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचे असते. त्या बिलांवरील कापसाचे एकूण वजन टप्पा ३ मधील ताळ्याच्या पहिल्या ओळीशी जुळले पाहिजे. ते जुळत नसेल, तर वेस्टचा आकडा दुरुस्त करत बसू नये. चूक खरेदीच्या पावत्यांत आहे आणि शोध तिथूनच सुरू करावा.